धुळ्यात बसून रशियन: स्वतः किती शिकायची, मास्तर कधी धरायचा?

पांझराकाठ (धागाकर्ता), सोमवार, रात्री ९:१०

राम राम मंडळी.

रशियन शिकायची आहे. धुळ्यात वर्ग नाही. पुण्याला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, मुंबईत रशियन हाउस आहे, पण दोन्हीकडे जाऊन राहणं शक्य नाही. म्हणजे जे करायचं ते घरूनच. रोज एक तास नक्की, शनिवार-रविवारी दोन-दोन. दीड वर्षात साधं वाचता-बोलता यावं, जमलं तर बी-१ ची (मधल्या पातळीची) परीक्षा द्यावी, असा बेत आहे.

प्रश्न तीन:
अक्षरं, व्याकरण, शब्द यांचा क्रम काय धरावा?
मूळ रशियन बोलणारा शिक्षक पहिल्या दिवसापासून हवा, की थोडं शिकून मग?
तो शोधायचा कुठे आणि पैसे द्यायचे कसे?

इंग्रजीतून लिहिलेली पुस्तकं चाळली. सहा विभक्त्यांचं इतकं भेव घातलंय की आपण आठ विभक्त्यांवर मोठे झालो हेच विसरायला होतं.

---

अक्षरशत्रू, ९:२२

पहिला धडा फुकट घ्या. रशियन गावात 'पेक्टोपाह' अशी पाटी दिसली तर आत जा, जेवण मिळेल. ते 'रेस्तोरान' आहे.

---

लळिंग, ९:५१

वरचा विनोद जुना आहे, पण अक्षरांची खरी अडचण त्यातच आहे. ३३ अक्षरांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग ६ अक्षरांचा: आ, ये, क, म, ओ, त. दिसायला इंग्रजीसारखी आणि उच्चारही जवळपास तोच. यांवर दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका.

दुसरा ढीगही ६ चाच, पण फसवा. इंग्रजी बी दिसतो तो व, एच दिसतो तो न, पी तो र, सी तो स, वाय तो ऊ आणि एक्स तो ख (खबर-मधला, घशातला). सगळ्या चुका इथे होतात, आणि महिनाभरानंतरही होत राहतात. यांना तीन दिवस द्या.

तिसरा ढीग २१ चा, पूर्ण नव्या आकारांचा. नवीन असल्यामुळे तो उलट सोपा जातो, कारण डोक्यात आधीचं काही बसलेलं नसतं. रोज पाच.

दहा दिवसांत छापील वाचता येतं. हाताचं लिखाण मात्र वेगळं प्रकरण. हाताने काढलेला त इंग्रजी लहान एमसारखा दिसतो, द जीसारखा, ई यूसारखा आणि प एनसारखा. शिक्षक फळ्यावर हाताने लिहितो तेव्हा विद्यार्थी गडबडतो तो यामुळे. म्हणून वही हाताच्याच लिपीत ठेवा, दोन रेघांची घ्या.

एक कळकळीची सूचना: रशियन शब्द देवनागरीत लिहून पाठ करू नका. या धाग्यावर आपण लिहितोय ते फक्त सोयीसाठी. 'त्य' लिहिलं की तुम्ही त आणि य असे दोन आवाज काढाल. तिथे आवाज एकच असतो.

---

मेहरूण, १०:१५

व्याकरणाचं बघू. इंग्रजी पुस्तक ज्या गोष्टींवर पानंच्या पानं खर्च करतं त्यातल्या निम्म्या मराठी माणसाला आईच्या दुधाबरोबर मिळालेल्या असतात.

लिंगं तीन: पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी. हिंदीवाल्याला तिसरं नव्याने शिकावं लागतं, आपल्याला नाही. शिवाय रशियनमध्ये शब्दाच्या शेवटावरून लिंग बहुतेक वेळा कळतं. व्यंजनान्त पुल्लिंगी, आ-या स्त्रीलिंगी, ओ-ये नपुंसकलिंगी. मराठीत 'टेबल' ते की तो, यावर घरात भांडण होतं.

'म्न्ये खोलदना', मला थंडी वाजतेय. 'म्न्ये न्रावित्सा', मला आवडतं. 'मिन्या झवूत अमुक', मला अमुक म्हणतात. इंग्रजी पुस्तक सांगतं की ही विचित्र रचना आहे. विचित्र काय त्यात? 'मला' आहे तिथे 'मला' आहे. इंग्रजी मधून काढून टाका, वाक्य सरळ बसतं.

'ऊ मिन्या येस्त्य क्नीगा', माझ्याकडे पुस्तक आहे. रशियनलाही 'माझ्याजवळ आहे' असंच म्हणायची सवय.

आणि सगळ्यात गोड गोष्ट. 'मी घर बघतो' पण 'मी भावाला बघतो'. निर्जीवाला प्रत्यय नाही, सजीवाला 'ला'. रशियन पुल्लिंगी शब्दांत अगदी हेच आहे: 'वीझू दोम', पण 'वीझू ब्राता'. इंग्रजी पुस्तकात सजीव-निर्जीव भेदावर वेगळं प्रकरण असतं. तुम्हाला एक ओळ पुरेल. आ-या शेवटाचा स्त्रीलिंगी शब्द मात्र सजीव असो की निर्जीव, एकवचनात बदलतोच: क्नीगा, क्नीगू.

---

कानुबाई, १०:३१

'माझ्याकडे' काय म्हनतस भाऊ, आमना अहिरानीमा 'मनाजोडे पुस्तक शे'. जोडे म्हनजे जवळ. ते 'ऊ' भी जवळच शे ना? मंग धुळ्यानं मानूस अर्धं रशियन बोलीच राह्यनं!

---

मेहरूण, १०:३६

कानुबाई, दंडवत. 'ऊ'चा मूळ अर्थ जवळ, शेजारी असाच. 'ऊ अक्ना' म्हणजे खिडकीजवळ. तुमचं 'मनाजोडे' माझ्या 'माझ्याकडे'पेक्षा चपखल आहे.

---

दादर_भाकरी, मंगळवार, सकाळी ७:०५

एवढं गोड चित्र रंगवू नका. मराठीमुळे जसं सोपं होतं, तशाच खास मराठी चुकाही होतात. त्यांची यादी कुणी देत नाही, म्हणून देतो.

एक. 'मी कादंबरी वाचली.' क्रियापद कादंबरीमागे गेलं, कारण कर्मणी प्रयोग. रशियनमध्ये भूतकाळ कायम कर्त्यामागे जातो. पुरुष म्हणेल 'या प्रचिताल क्नीगू', बाई म्हणेल 'या प्रचिताला क्नीगू'. मराठी पुरुष बेसावधपणे 'प्रचिताला' म्हणून जातो, कारण डोक्यात 'वाचली' असतं. समोरचा रशियन गोंधळतो, आणि चूक कुठून आली हे त्याला कळत नाही. 'आला, आली, आलं, आले' यांना 'प्रिशोल, प्रिश्ला, प्रिश्लो, प्रिश्ली' बरोबर जुळतं, म्हणून आपण निर्धास्त होतो आणि सकर्मक क्रियापदात आपटतो.

दोन. 'साखर नाही.' मराठीत साखर प्रथमेतच राहते. रशियनमध्ये 'न्येत'नंतर षष्ठी लागते: 'न्येत साखरा'.

तीन. जाणे. आपण पायी जातो, बसने जातो, क्रियापद एकच. तिथे पायी 'इदू', वाहनाने 'येदू'. जळगावहून भुसावळला 'या इदू' म्हणालात तर पंचवीसेक किलोमीटर तंगडतोड करत निघालात असा अर्थ. आणि प्रत्येकाची आणखी एक जोडी आहे: एका दिशेने एकदा जाणं वेगळं, नेहमी जा-ये करणं वेगळं ('खझू', 'येझ्झू'). हा भाग वर्षभर चुकतो. चुकू द्या.

चार. महाप्राण. क, त, प म्हणताना हवा सोडायची नाही. ते आपल्याला जमतं. पण इंग्रजीच्या सवयीने ट आणि ड घुसतात. रशियन त आणि द दातांमागचे, आपल्या ताट-दातांतले. 'ट्रान्सपोर्ट' नाही, 'त्रान्स्पोर्त'.

---

अक्षरशत्रू, ७:१८

आणि पाच: रशियन माणूस 'मी' म्हणाला तर तो एकटा नसतो. त्यांचं 'मी' म्हणजे आम्ही.

---

लळिंग, ७:४०

अक्षरशत्रू, त्यातही मेख आहे. तो 'मी' आपला नाही. मराठीत तो स्वर नाहीच. ओठ हसल्यासारखे ताणा आणि त्याच स्थितीत 'ऊ' म्हणायचा प्रयत्न करा; जीभ मागे ओढली जाते, तो आवाज. तो नीट निघाला का, हे तपासायची जोडी 'बिल' आणि 'बील'. आपल्या कानाला दोन्ही सारखेच, पण मागच्या जिभेचा म्हणजे 'होता' आणि पुढच्या जिभेचा म्हणजे 'मारत होता'.

मऊ व्यंजनांची युक्ती: 'ब्रात' म्हणजे भाऊ, 'ब्रात्य' म्हणजे घेणे. दुसरा शब्द 'ब्राति' म्हणायला घ्या आणि शेवटची इ गिळून टाका. जीभ इ च्या जागी गेली पाहिजे, इ ऐकू येता कामा नये. तसंच 'ऊगल' कोपरा आणि 'ऊगल्य' कोळसा.

च-वर्गात आपण नशीबवान. रशियनमध्ये दोन वेगळी अक्षरं आहेत, एक चमच्याचा च आणि एक चहाचा च. मराठी माणसाला दोन्ही येतात. श मात्र जपून. त्यांचा साधा श आपल्या षटकोनाच्या ष च्या जवळचा, जीभ वर वळवून. आपण बोलताना श-ष एक करून टाकलेत, ते इथे पुन्हा वेगळे करावे लागतील.

आणि आघात. लिहिताना 'मोलोको', म्हणताना 'मलको', कारण आघात शेवटच्या ओ वर आणि बाकीचे ओ ढिले पडून अ होतात. 'झामक' म्हणजे किल्ला, 'झमोक' म्हणजे कुलूप. लिखाणात दोन्ही एकच. छापील मजकुरात आघाताची खूण नसते, ती फक्त पाठ्यपुस्तकात आणि शब्दकोशात. त्यामुळे शब्द वहीत उतरवताना आघाताची तिरकी रेघ दिल्याशिवाय पुढे जायचं नाही. ओपनरशियन या संकेतस्थळावर प्रत्येक शब्दाची सगळी रूपं आघातासकट मिळतात. शंका राहिली तर ग्रामोता हे रशियन शब्दकोशांचं संकेतस्थळ.

शिक्षक का लागतो याचं उत्तर यातच आहे. 'बिल'-'बील' स्वतःच्या कानाने तपासता येत नाही. कान मराठी आहे तोवर दोन्ही सारखंच ऐकू येणार.

---

शब्दकोडे, ९:१२

द्वा, त्री, चितीर्ये. दोन, तीन, चार. द्व्येर्य म्हणजे द्वार, न्येबा म्हणजे आकाश (नभ), अगोन्य म्हणजे अग्नी, व्दवा म्हणजे विधवा, स्नखा म्हणजे सून (स्नुषा), द्येविर्य म्हणजे दीर. रशियन संस्कृतमधूनच निघाली, हे उघड आहे.

---

मेहरूण, ९:३०

निघाली नाही. दोघी एकाच आजीच्या नाती. संस्कृतातून निघाली असती तर मराठीसारखी दिसली असती. शब्द पाठ करायला या जोड्या झकास आहेत, पण तर्क म्हणून वापरू नका. 'रूबल' रुपयावरून आला असंही लोक ठोकून देतात. तो 'रुबीत्य' म्हणजे तोडणे, छाटणे यावरून, चांदीच्या कांबीचा तोडलेला तुकडा. आपला रुपया रूप्यावरून.

---

शब्दकोडे, ९:४४

आजीची नात मान्य. पण मग 'साखर'? रशियनमध्येही 'साखर'च म्हणतात. एवढं सारखं तर सख्ख्या बहिणींतही नसतं.

---

मेहरूण, १०:०२

ती उसनी आणलेली आहे. संस्कृत शर्करा फिरत फिरत ग्रीकमध्ये गेली, तिथून पुढे रशियनपर्यंत. आपल्याकडे तीच शर्करा प्राकृतातून साखर झाली. दोन वाटांनी जाऊन एकाच उच्चारावर पोहोचली. 'स्नखा' वारशात मिळालेली, 'साखर' बाजारातून आणलेली. इतकाच फरक.

साखर निघालीच आहे तर तिच्यावरच विभक्ती शिकून घ्या. चहा तिथेही 'चाय'.

चाय स साखरम: साखरेसह चहा. तृतीया.
चाय ब्येस साखरा: बिनसाखरेचा चहा. षष्ठी.
म्नोगा साखरा: खूप साखर. पुन्हा षष्ठी, कारण प्रमाण.
साखर व चाये: साखर चहात. सप्तमी.

तृतीयेत एक बारीक फरक. साधन असेल तर नुसता प्रत्यय: 'पिसात्य रूचकाय', पेनाने लिहिणे, 'येखत्य अफ्तोबुसम', बसने जाणे. सोबत असेल तर आधी 'स': 'स ब्रातम', भावाबरोबर. साखर चहाची सोबतीण, म्हणून 'स साखरम'. 'स' विसरलात तर साखरेने चहा मारल्यासारखं वाटतं.

---

भरीतपुरी, दुपारी १:२०

जेवायच्या वेळेला साखर काय घेऊन बसलात. वांग्याला रशियन 'बकलझान' म्हणतात, आपल्या हिंदी बैंगनचाच लांबचा नातेवाईक. आणि त्यांच्याकडे 'बकलझानया इक्रा' असते: वांगं, कांदा, टोमॅटो, गाजर, लसूण, तेल, सगळं मऊ शिजवून पावावर लावायचं. म्हणजे ज्यात हिरवी मिरची आणि शेंगदाणे घालायचे राहून गेले असं भरीत.

---

अक्षरशत्रू, १:२४

गाजर घातलेलं भरीत. संबंध बिघडतील दोन देशांचे.

---

दादर_भाकरी, १:४१

केळीवरून मोजणी शिका, जळगावकरांना घरचीच. अदीन बनान. द्वा बनाना, त्री बनाना, चितीर्ये बनाना (२ ते ४ ला षष्ठी एकवचन). प्यात्य बनानफ (५ पासून षष्ठी अनेकवचन). ११ ते १४ लाही बनानफच. आणि २१ ला पुन्हा एकवचन: द्वात्सत्य अदीन बनान. शेवटचा आकडा बघायचा, एवढंच सूत्र. बनानफमधला फ लिहिताना व असतो. शब्दाच्या शेवटी व चा फ होतो, द चा त, ब चा प, ग चा क. 'द्रूग' लिहितात, 'द्रूक' म्हणतात.

तिकडे डझनावर भाव नाही, किलोवर. 'किलग्राम बनानफ.'

---

उनपदेव, संध्याकाळी ६:३०

नंदुरबार-धुळ्याकडची बरीच मुलं डॉक्टरकीला रशियात जायची तयारी करतात, ती हा धागा वाचतील म्हणून. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे शिक्षण इंग्रजी माध्यमात, किमान ५४ महिन्यांचं लागतं, आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. त्यावरून एजंट सांगतात, रशियन लागतच नाही. वर्गात लागत नसेल. वॉर्डात पेशंट इंग्रजी बोलत नाही. 'श्तो वास बिस्पकोयित?' (काय त्रास होतोय?) विचारता आलं आणि 'ऊ मिन्या बलीत गलवा' (माझं डोकं दुखतंय) कळलं नाही तर केस लिहिणार काय? जाण्याआधी चार महिने मिळत असतील तर अक्षरं, शरीराचे अवयव, आकडे आणि प्रश्नार्थक शब्द एवढं तरी करून जा.

---

पांझराकाठ, रात्री ९:०५

मंडळी, सोनं लुटलंत. पण माझा दुसरा-तिसरा प्रश्न तसाच लटकलाय. मास्तर?

---

सारंगखेडा, ९:४८

त्यावरच येतो. आधी वेळ, मग पैसे, मग माणूस.

वेळ. रशियात ११ कालविभाग आहेत आणि २०१४ पासून घड्याळ मागे-पुढे करणं बंद आहे, त्यामुळे एकदा वेळ बसली की बसली. मॉस्को आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आपले रात्री साडेनऊ म्हणजे तिथे सात. नोकरीनंतर शिकायचं असेल तर मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग. कामावर जाण्याआधी सकाळी साडेसहाला हवं असेल तर मॉस्कोत तेव्हा पहाटेचे चार. मग नवसिबीर्स्क किंवा क्रस्नयार्स्कचा बघा, तिथे आठ वाजलेले असतात. इर्कुत्स्कला नऊ. सायबेरियातल्या शिक्षकाचं रशियन अशुद्ध असेल ही शंका काढून टाका. शिकलेल्या माणसाच्या बोलण्यात प्रदेशानुसार फार फरक पडत नाही. वऱ्हाड-कोकण एवढा तर नाहीच.

पैसे. मार्च २०२२ पासून व्हिसा आणि मास्टरकार्डचं रशियातलं काम बंद आहे. तिथल्या बँक खात्यात तुम्ही इथून सरळ पैसे टाकू शकाल हे धरून चालू नका. मार्ग दोन. एक, आयटॉकीसारखा मंच, जिथे तुम्ही मंचाला पैसे देता आणि शिक्षकाचं तो बघतो. दोन, रशियाबाहेर राहणारा मूळ रशियनभाषक: कझाकस्तान, किरगिझस्तान, आर्मेनिया, जॉर्जिया इथे असे भरपूर शिक्षक आहेत. कझाकस्तानात २०२४ पासून सगळीकडे एकच वेळ, आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. तुमच्या कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करावे लागतात, नवीन कार्डावर ते बंदच असतात. वर परकीय चलनाचा आकार आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणून दर वेळी एक तास विकत घेण्यापेक्षा पाच-पाच तासांची रक्कम एकदम भरा. पन्नास तासांचं पॅकेज स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. चौथ्या तासाला पटलं नाही तर अडकाल.

कॉल. जुन्या लेखांत स्काईप सांगितलेला असतो, ते मे २०२५ मध्ये बंद पडलं. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या कॉलवर रशियाने ऑगस्ट २०२५ पासून निर्बंध आणलेत. शिक्षक यांडेक्स टेलिमोस्त या रशियन व्हिडिओ-कॉल सेवेची लिंक पाठवेल किंवा मंचाचीच खिडकी असेल. पहिल्या तासाआधी लिंक उघडून बघा. इयरफोन वायरचा घ्या. मोबाईलच्या भोंग्यातून 'ब्रात' आणि 'ब्रात्य' एकच ऐकू येतं. वीज जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर ठेवा. बहुतेक शिक्षक २४ तास आधी सांगितल्याशिवाय रद्द केलेला तास मोजतात.

भाषा-अदलाबदलीच्या ॲपवर (हॅलोटॉक, टँडम) फुकट जोडीदार मिळतात, पण तो जोडीदार, शिक्षक नव्हे. आठवड्याभरात गुंतवणुकीच्या गोष्टी सुरू झाल्या की ब्लॉक.

---

लळिंग, १०:१०

माणूस निवडताना एकच गोष्ट आधी बघा: त्याचं शिक्षण 'रशियन परदेशी भाषा म्हणून' या विषयातलं आहे का. संक्षेपात 'एर-का-ई'. जन्माने रशियन असणं हा दाखला नाही. तुमच्या शेजारच्या काकांना 'मी पोळी खाल्ली' मध्ये 'खाल्ली' का, ते विचारा. मराठी अस्खलित असूनही ते एवढंच सांगतील की असंच म्हणतात.

चाचणीच्या अर्ध्या तासात विचारायचं: 'पिसात्य' आणि 'नपिसात्य' यांत फरक काय? चांगला शिक्षक चित्र काढतो किंवा दोन वाक्यं समोर ठेवतो. वाईट शिक्षक तक्ता दाखवतो. (मराठीत उत्तर: लिहीत होतो आणि लिहून काढलं. आपल्याकडे 'काढणे, टाकणे' शेवटी लागतात, त्यांच्याकडे तेच काम पुढचा उपसर्ग करतो.)

दुसरं, तुम्ही मुद्दाम चुकीचं वाक्य बोला आणि तो काय करतो बघा. दर शब्दाला थांबवणाऱ्याकडे तुम्ही बोलणंच बंद कराल. काहीच न थांबवणाऱ्याला गप्पांचे पैसे देताय. वाक्य संपू देऊन, चूक लिहून ठेवून, शेवटी दाखवतो तो धरा.

आणि माझं मत स्पष्ट आहे: शिक्षक पंधराव्या दिवसापासून. उच्चार एकदा चुकीचे बसले की उकरून काढायला दुप्पट वेळ लागतो.

---

दादर_भाकरी, १०:३३

इथे असहमत. पंधराव्या दिवशी डोक्यात शब्द चाळीस. मग तासभर शिक्षक काय करणार? अक्षरं गिरवून घेणार. ताशी १० डॉलर धरले तर महिन्याच्या आठ तासांचे ८० डॉलर, जे काम वही फुकटात करते त्यासाठी. आधी तीनशे शब्द, प्रथमा, द्वितीया, सप्तमी आणि वर्तमानकाळ एवढं स्वतः करा. तीन महिने.

---

लळिंग, १०:४१

मग तीन महिने 'बिल'ला 'बील' म्हणत राहायचं?

---

मेहरूण, बुधवार, सकाळी ६:५०

दोघांचंही बरोबर, फक्त तासांची वाटणी वेगळी हवी. पंधराव्या दिवशी एकच अर्धा तास घ्या, फक्त उच्चारासाठी. आधीच मजकूर पाठवा: वीस जोड्या वाचतो, चुकेल तिथे थांबवा, रेकॉर्ड करतो. ते रेकॉर्डिंग महिनाभराचा गृहपाठ. तिसाव्या आणि साठाव्या दिवशी पुन्हा असाच एकेक. तीनशे शब्द झाले की आठवड्याला दोन तास नियमित. म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत शिक्षकाचा दीड तास, बाकी वही.

तुमच्या रोजच्या तासाचा हिशोब: २५ मिनिटं पाठ्यपुस्तक, १५ मिनिटं अँकी या उजळणीच्या ॲपची पत्ती (रोज नवी १०, सुटा शब्द नाही, अख्खं वाक्य, आवाजासकट), २० मिनिटं मोठ्याने वाचन. परीक्षेच्या भाषेत ए-१ ला ७८० शब्द, ए-२ ला १३००, बी-१ ला २३००. रोज दहाने ७८० ला अडीच महिने, कागदावर. उजळणीचे दिवस धरून चार. परीक्षेचे भाग पाच: शब्द-व्याकरण, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं. घरी एकट्याने शिकणारा शेवटच्या दोनांत पडतो, म्हणून शिक्षकाचे तास तिथेच खर्च करा. व्याकरण समजावून घ्यायला नाही.

इंग्रजी माणसाला रशियन यायला ११०० तास लागतात असं अमेरिकी परराष्ट्र खात्याचं भाषाकेंद्र धरतं, पण ते कामकाजाच्या पातळीसाठी. तुमचे आठवड्याला ९ प्रमाणे दीड वर्षात सातशे होतात. बी-१ ला पुरावेत.

पाठ्यपुस्तक रशियातलंच घ्या. 'दरोगा व रस्सीयू' मालिकेचे पहिले भाग ए-१, ए-२ ला बसतात. नाव वाचून दचकू नका, दरोगा म्हणजे रस्ता. मॉस्कोच्या पुश्किन संस्थेच्या पोर्टलवर फुकट पाठ आहेत, ते जोडीला.

---

अक्षरशत्रू, ७:०२

रस्त्याला दरोगा म्हणतात. आमच्याकडे रस्त्यात दरोगा उभा असतो.

---

कानुबाई, ७:३०

मास्तरले काय म्हनानं? सर? म्याडम?

---

सारंगखेडा, ७:४४

सर-मॅडम अजिबात नाही. नाव आणि वडिलांचं नाव. समजा नाव ओल्गा, वडील प्योत्र, तर 'ओल्गा पित्रोव्ना'. आपल्या मधल्या नावासारखंच, फक्त त्याला रूप चढतं: मुलगा असेल तर 'पित्रोविच'. आणि सुरुवात अहो-जाहोने, म्हणजे 'वी'. ऑनलाइन शिकवणारे तरुण शिक्षक स्वतःच सांगतात की नुसतं नाव आणि 'ती' (तू) चालेल. त्यांनी म्हणेपर्यंत थांबा.

---

पांझराकाठ, शनिवार, रात्री ८:१५

मेहरूण यांची वाटणी पक्की करतोय. नवसिबीर्स्कच्या एका शिक्षिकेला पाठवायचा मजकूर पुस्तकात बघून जुळवलाय, तपासा:

'झ्द्रास्त्वुइत्ये! मिन्या झवूत (नाव). या झिवू व धुल्ये. या उचू रूस्की यझीक द्वा म्येसित्स. या खचू उरोक ऊत्रम.'

(नमस्कार. मला अमुक म्हणतात. मी धुळ्यात राहतो. दोन महिने रशियन शिकतोय. सकाळी तास हवा आहे.)

---

दादर_भाकरी, ८:२६

द्वा म्येसित्सा. दोन केळी आठवा. शिवाय दोन महिने कुठे झाले, सहा दिवस झालेत. 'श्येस्त्य द्न्येय' लिहा, सहाला षष्ठी अनेकवचन.

---

लळिंग, ८:३१

'खचू उरोक' समजेल पण खटकतं. 'या खचू झनिमात्सा ऊत्रम', सकाळी अभ्यास करायचा आहे. 'ऊत्रम' बरोबर. ती 'ऊत्रा'ची तृतीया, आपण 'सकाळी' म्हणतो तिथे ते तृतीया लावतात. 'झ्द्रास्त्वुइत्ये' लिहिताना पहिला व विसरू नका, तो फक्त उच्चारात गायब असतो.

---

मेहरूण, ८:४०

'व धुल्ये' बरोबर आहे, पण नशिबाने. जळगावचा असता तर सप्तमीला प्रत्यय लागला असता, 'व जलगाओन्ये'. भुसावळ 'व भुसावल्ये', नंदुरबार 'व नंदुरबार्ये'. धुळे हे नाव मुळातच ए-कारान्त, म्हणून रशियनमध्ये ते बदलत नाही.

---

अक्षरशत्रू, ८:४३

म्हणजे धुळे जन्मतःच सप्तमीत.

---

कानुबाई, ८:५०

धुळं कधी धुळं सोडीसन बाहेर गयं का भाऊ?